दोन बेजमधला एक निवडण्याआधी

शेड कार्डावर दोन्ही बेज जुळे भाऊ वाटतात. भिंतीवर चढले की एक गुलाबीकडे झुकतो, दुसरा पिवळ्याकडे. म्हणून डबे मागवण्याआधी पहिलं काम झाक ओळखण्याचं. दोन्ही नमुने कोऱ्या पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवा. एकेकटे पाहू नका, एकटा बेज नुसता बेजच दिसतो. त्याच पट्टीवरची सगळ्यात गडद छटाही बघा, तिथे झाक बहुधा उघडी पडते. कार्डावर एलआरव्ही (लाइट रिफ्लेक्टन्स व्हॅल्यू, म्हणजे रंग किती उजेड परत फेकतो त्याचा आकडा) दिला असेल तर टिपून घ्या. 0 म्हणजे काळा, 100 म्हणजे पांढरा; आकडा जितका मोठा, तितका रंग उजेड जास्त परत फेकतो. कमी उजेडाच्या खोलीत मी मोठ्या आकड्याकडेच झुकेन.

मग साधारण दोन फुटी दोन पांढरे पुठ्ठे घ्या. कडेने पांढरी पट्टी सोडून प्रत्येकावर एकेका रंगाचे दोन हात द्या, पहिला पूर्ण सुकल्यावर दुसरा. जुन्या भिंतीवर थेट ठिपका मारू नका, आजूबाजूचा रंग डोळ्याला फसवतो. ओल्या रंगावरून मत बनवू नका. इमल्शन, म्हणजे भिंतीचा पाण्यात मिसळणारा रंग, सुकल्यावर सहसा थोडं गडद होतं.

पुठ्ठे उभेच धरा, आडवे ठेवले की त्यांवर उजेड वेगळा पडतो. खिडकीच्या भिंतीला, समोरच्या भिंतीला आणि कोपऱ्यात लावून बघा. कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींवर रंग फेकतात, त्यामुळे तिथे बेज जास्त दाट दिसतो. फरशीला टेकवून बघायला तर अजिबात विसरू नका. आमच्या हॉलच्या फरशीत किंचित गुलाबी झाक आहे. हिरवट झाकेचा बेज हातात धरला तेव्हा फार सुंदर वाटला होता. फरशीला टेकवला आणि फरशी एकदम गुलाबी दिसायला लागली. मी तो तिथेच बाजूला ठेवला.

सकाळी, दुपारी आणि रात्री दिवे लावून, असं निदान दोन दिवस बघा. दिवे बदलायचे असतील तर आधी बदला: 2700 केल्विनच्या, म्हणजे पिवळ्या उजेडाच्या दिव्यात पिवळसर बेज लोण्यासारखा होतो, 6500 च्या, म्हणजे पांढऱ्या उजेडाच्या दिव्यात तोच फिकट, थंड वाटतो. दिवसभर बाहेर असाल तर रात्रीच्या रूपाला जास्त वजन द्या.

दोन्ही नमुने एकाच फिनिशचे असू द्या, नाहीतर चमकेतला फरक रंगाचा वाटतो. ठरलं की शेडचा कोड लिहून ठेवा, सगळे डबे एकाच बॅचचे मागवा आणि रंगाऱ्याला ते मोठ्या बादलीत एकत्र ढवळून घ्यायला सांगा.