फोटोत रेषा आहेत पण नजर भलतीकडेच जाते? या चुका टाळा

मेणवलीचा घाट वाईपासून तीनेक किलोमीटरवर आहे, नाना फडणवीसांच्या वाड्यामागून खाली उतरलं की कृष्णेचं पात्र आणि काळ्या दगडाच्या पायऱ्याच पायऱ्या. पहिल्यांदा गेले तेव्हा तासाभरात दीडशेच्या वर फोटो काढले आणि घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर बघितले तर सगळे सारखेच. वहीच्या पानासारख्या आडव्या रेघा, एकाखाली एक, आणि त्यात नेमकं बघायचं काय तेच कळेना. रेषा भरपूर होत्या, सुंदर होत्या, पण त्या कुठेच नेत नव्हत्या.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा एकच गोष्ट वेगळी केली. समोरून न काढता घाटाच्या एका टोकाला जाऊन पायरीवरच बसले. बस्स, तेवढ्याने तीच पायरी जी आधी आडवी भिंत होऊन उभी राहायची ती माझ्या पायापासून निघून तिरकी होत थेट घाटावरच्या घंटेच्या देवळाकडे जायला लागली, आणि मग खालच्या ओल्या पायरीवर एक मावशी कपडे पिळायला उठल्या तेव्हा फोटो झाला. त्यांच्या हातातलं पिळलेलं लुगडंसुद्धा एक तिरकी रेघच होतं. दगड तेच, उजेड साधारण तोच, मी फक्त वीसेक पावलं सरकले होते.

लीडिंग लाइन्स म्हणजे काय ते आता सगळ्यांना माहीत असतं, रस्ता, कठडा, रूळ, कुंपण असं काहीतरी नजरेला धरून आत नेतं. पण माहीत असूनही फोटो फसतात, आणि मी आजवर ज्यांचे ज्यांचे फोटो बघून दिले (माझे स्वतःचे धरून) त्यात जवळपास दर वेळी मूळ चूक एकच सापडते. आपण रेषेचा फोटो काढतो, रेषेच्या टोकाला काय आहे त्याचा नाही.

रस्ता आहे पण टोकाला गाव नाही

म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा, ही रेष संपते तिथे काय आहे? नुसतं धुरकट आभाळ असेल, किंवा एखादी पार्क केलेली गाडी असेल, तर डोळा तिथवर जाणार आणि रिकाम्या हाताने परत येणार. हान्री कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराचा १९३२ सालचा फ्रान्समधल्या इयेर गावातला एक फोटो आहे, बघितला नसेल तर शोधून बघा. वरून घेतलाय, गोल वळत खाली उतरणारा जिना, त्याचा लोखंडी कठडा, आणि खाली रस्त्याच्या मोकळ्या तुकड्यात नेमका एक सायकलवाला, हललेला, ब्लर. आता त्या सायकलवाल्यावर बोट ठेवून बघा. जिना छानच राहतो, पण फोटो गेला.

यावर उपाय म्हणजे आधी टोक ठरवायचं मग रेष शोधायची, उलटं नाही. आणि टोकाला काहीच नसेल पण जागा फारच आवडली असेल तर थांबायचं. कुणीतरी येतं, माणूस, कुत्रा, एसटी, काहीतरी येतंच. दहा मिनिटं एका जागी उभं राहायची तयारी नसेल तर रेषांच्या नादी लागू नका असं मी स्पष्टच सांगते.

याचीच दुसरी बाजू म्हणजे टोकाला सगळं व्यवस्थित आहे पण रेष तिथे पोचण्याआधीच फ्रेमच्या बाहेर पडते. मरीन ड्राइव्हला हे हमखास होतं. नरिमन पॉइंटकडून मलबार हिलकडे तोंड करून उभं राहिलं की कठडा आधी सरळ जातो आणि मग डावीकडे वळत चौपाटीकडे जातो, ते वळण हाच त्या जागेचा जीव आहे. लोक काय करतात, फोन उभा धरतात आणि वळण डावीकडून कापून टाकतात. मग कठडा अर्ध्यातून सरळ फ्रेमच्या बाहेर आणि त्याच्यामागे बघणाऱ्याची नजरपण बाहेर. अशा वेळी फोन आडवा करा, किंवा उभाच हवा असेल तर चारपाच पावलं मागे या आणि वळण संपेपर्यंतची जागा डावीकडे सोडा.

डोक्यातून जाणारी रेघ

ही चूक सगळ्यात जास्त दिसते आणि सुधारायला सगळ्यात सोपी. समुद्रावर मैत्रिणीचा फोटो काढला आणि क्षितिजाची रेघ बरोबर तिच्या गळ्यातून गेली, म्हणजे मुंडकं वेगळं आणि धड वेगळं. नाहीतर विजेची तार एका कानातून दुसऱ्या कानात. नाहीतर डोक्यातून खांब उगवलाय. प्रत्यक्षात आपल्याला हे जाणवत नाही कारण दोन डोळ्यांनी बघताना माणूस पुढे आणि खांब मागे हे आपोआप कळतं, फोटोत दोन्ही एकाच कागदावर येऊन चिकटतात.

क्षितिजाचं एक साधं गणित आहे जे कळल्यापासून माझं काम फार सोपं झालं. सपाट समुद्र असेल तर क्षितिज नेहमी तुमच्या कॅमेऱ्याच्या उंचीवर येतं. म्हणजे तुम्ही आणि समोरची व्यक्ती सारख्या उंचीचे, कॅमेरा डोळ्याला लावलेला, तर ती रेघ तिच्या डोळ्यातूनच जाणार, तुम्ही कितीही पुढे मागे व्हा. ती पुळणीवर उभी आहे आणि तुम्ही कॅमेरा पोटाशी आणलात की रेघ तिच्या पोटाशी येते, गुडघ्यावर बसलात की अजून खाली, आणि डोकं खांदे मोकळ्या आभाळावर स्वच्छ दिसतात. तेव्हा पुढेमागे करत बसू नका, वरखाली व्हा. खांब आणि झाड असेल तर मात्र एक पाऊल डावीउजवीकडे, तेवढं पुरतं.

आणि क्षितिज तिरकं नको, प्लीज. फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये ग्रिड (स्क्रीनवर दिसणाऱ्या आडव्या-उभ्या रेघा) चालू करून ठेवा आणि कायम चालूच ठेवा. नंतर एडिटिंगमध्ये सरळ करता येतं हे खरं, पण फिरवलं की कडा कापल्या जातात, आणि कडेला तुमची रेष जिथून सुरू होते नेमका तोच तुकडा जातो.

सगळे फोटो उभ्या उंचीवरून

शेतातलं उदाहरण घेते. उसाची साडेचार फुटी सरी आहे. पाच फुटांवर असताना ती जेवढी रुंद दिसते त्याच्या दहाव्या भागाएवढीच पन्नास फुटांवर दिसते. जवळ खूप रुंद आणि लांब गेल्यावर दोऱ्यासारखी, यातूनच ती आत ओढून नेणारी भावना येते. आता तुम्ही बांधावर लांब उभं राहून झूम करून काढलं तर फ्रेममधलं सगळ्यात जवळचं टोकच शंभर फुटांवर आणि लांबचं दोनशेवर, म्हणजे फरक फक्त निम्म्याचा, मग सऱ्या अगदी सपाट, चटईच्या पट्ट्यांसारख्या दिसतात. अशा पट्ट्याच हव्या असतील तर उत्तम, नक्षी म्हणून छान दिसतात. पण ओढ हवी असेल तर रेषेच्या जवळ जावं लागतं आणि खाली बसावं लागतं. लोक म्हणतात वाइड लेन्स लावली की रेषा जोरदार येतात. खरं काम लेन्स करत नाही, तुम्ही किती जवळ आहात ते करतं, वाइड लेन्स फक्त ते जवळचं फ्रेममध्ये मावू देते.

पण बसताना किती बसायचं? अगदी जमिनीला टेकवलात कॅमेरा तर जवळचा वरंबा मागच्या सगळ्या सऱ्या झाकून टाकतो. गुडघ्याच्या उंचीपासून सुरुवात करा, हळूहळू वर या, स्क्रीनवर सऱ्या एकमेकींपासून सुट्या दिसायला लागल्या की थांबा.

आणि वेळ. सरी-वरंब्याची रेष ही खरंतर सावलीची रेष असते हे विसरू नका. सकाळी सूर्य खाली आणि बाजूने असताना प्रत्येक वरंब्याची एक बाजू उजळ आणि एक काळी, त्यामुळे रेषा उठून दिसतात. अकरा वाजता तेच शेत नुसतं तपकिरी. ऊन सरीच्या दिशेनेच येत असेल तरी गोंधळ होतो, सावली पडायला ते सरीला आडवं यायला हवं. घाट, पायऱ्या, कौलं, सगळ्यांना हेच लागू.

जवळचं धूसर, लांबचंही धूसर

कॅमेरा वापरणाऱ्यांसाठी हे. रेष पायापासून सुरू होते आणि पायाजवळच ब्लर असेल तर डोळा आत शिरायलाच तयार होत नाही. कॅमेऱ्याबरोबर येणारी साधी १८-५५ किट लेन्स असेल तर १८ वर ठेवा, अपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र) एफ ८, फोकस साधारण दोन मीटरवर, की एक मीटरपासून पार डोंगरापर्यंत बऱ्यापैकी शार्प मिळतं. एफ २२ वर जायची गरज नाही, तिथे उलट सगळाच फोटो जरा मऊ पडतो. फोनला हा त्रास कमी आहे.

दीपमाळ मागे कलंडलेली

जेजुरीच्या पायऱ्या चढताना वाटेत दीपमाळा लागतात, आणि खाली उभं राहून फोन वर केला की त्या मागे पडताहेत अशा दिसतात. कारण फोन मागे कलला. उभ्या रेषा उभ्याच राहायच्या असतील तर फोन भिंतीसारखा ताठ धरायचा. मग वरचं टोक कापलं जातं, त्यावर इलाज म्हणजे मागे जा किंवा दोनचार पायऱ्या वर चढा, आणि खाली जी जास्तीची जमीन येते ती नंतर क्रॉप करा. जागाच नसेल तर स्नॅपसीड या फोटो एडिटिंगच्या अ‍ॅपमध्ये पर्स्पेक्टिव्हचं टूल आहे, त्याने बरंच सावरतं, फक्त काढताना चारी बाजूंनी मोकळी जागा ठेवा कारण कडा जाणारच. याच्या उलटही करता येतं, अगदी बुंध्याशी जाऊन सरळ वर बघून काढा, मग कललेलं वाटत नाही, मुद्दाम केलेलं कळतं. थोडंसं तिरकं मात्र कधीच नको, ते चूकच वाटतं.

फोनच्या ०.५ वाल्या (सगळ्यात वाइड) लेन्सने कडेला माणसं ठेवू नका, ताणली जातात.

रेषांची गर्दी

दादरच्या पुलावरून खाली बघा. रूळ, ओव्हरहेड तारा, खांब, प्लॅटफॉर्मची पिवळी पट्टी, पत्र्याची छपरं, लोकलच्या खिडक्या. प्रत्येक रेष वेगळीकडे ओढते आणि बघणारा दमतो. इथे वाइड काढायचा मोह होतो आणि तिथेच चुकतं, उलट झूम करा, एकच रेष निवडा, उदाहरणार्थ प्लॅटफॉर्मची कड, आणि तिला आडवं जाणारं जेवढं बाहेर ठेवता येईल तेवढं ठेवा. तारा टाळायच्या असतील तर आभाळच घेऊ नका. रंगांचा आवाज फार असेल तर ब्लॅक अँड व्हाइट करून बघा, रेषा टिकतात की नाही ते लगेच कळतं.

आणि रुळांबद्दल एक गोष्ट मनापासून सांगते. रुळांवर उतरून, रुळांमध्ये बसून फोटो काढू नका. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे, पण त्याहून मोठं म्हणजे कॅमेऱ्यात डोळा असताना मागून येणारी गाडी कळत नाही. पादचारी पुलावरून काढा, वरून रूळ जास्त चांगले दिसतात, अनेक जोड्या एकमेकींना मिळताना आणि सुटताना दिसतात.

माणसांची रेष

आता माझ्या सगळ्यात आवडीचं, वारी. माउलींची पालखी पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाट चढते, आणि वळणावळणाच्या रस्त्यावर माणसांचीच नागमोडी रेष तयार होते. नवखे लोक रस्त्याच्या कडेला उभे राहतात, तिथून फक्त पाठी आणि पताका दिसतात, रेष दिसतच नाही. ती दिसायला उंची हवी, वरच्या वळणावरून खाली बघायला हवं, आणि गर्दीच्या खूप आधी जाऊन जागा धरायला हवी. इथे झूम चालतो, कारण लांबून काढलं की घाटाची वळणं एकमेकांवर रचल्यासारखी जवळ येतात. फक्त निदान दोन वळणं पूर्ण येऊ द्या, दीड वळण आलं तर रस्ता तुटल्यासारखा वाटतो.

तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं. दोन्ही बाजूंना वारकऱ्यांच्या ओळी, मध्ये अश्व धावायला मोकळी वाट, याच्याइतकी सरळ लीडिंग लाइन मी दुसरीकडे बघितली नाही. मागच्या खेपेला माझं काय चुकलं ते सांगते. दोन ओळी इतक्या सुरेख जुळल्या होत्या की मी आधीपासूनच काढत बसले आणि मेमरी कार्ड भरत आलं, अश्व आले तेव्हा घाईत शटर १/१२५ सेकंदावरच राहिला, म्हणजे धावत्या घोड्यासाठी फारच हळू, आणि स्वाराचा अश्व गेला तो नुसता फराटा. माउलींचा अश्व मागून येतो हे माहीत होतं म्हणून तेवढ्यात १/१००० केलं. तो फोटो मिळाला, ओळींच्या मधोमध, चारी पाय जमिनीवरून सुटलेले, आणि दोन्हीकडचे हात एकाच वेळी त्याच्याकडे वळलेले. तेव्हा तिथे जाणार असाल तर शटर आधीच लावून ठेवा, वाटेच्या अगदी मध्यात उभं राहायचा हट्ट करू नका, अश्वांना वाट मोकळीच हवी. ओळीला चिकटून, वारकऱ्यांच्या खांद्यामागून काढा. एका बाजूची ओळ जवळून मोठी येते, दुसरी लांबून बारीक, आणि दोन्ही जिथे मिळतात तिथून अश्व येतो. तो जाऊन झाल्यावरही कॅमेरा लगेच बॅगेत टाकू नका, लोक वाकून त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात आणि इतका वेळ सरळ असलेल्या दोन्ही ओळी एकदम आत कोसळतात.