सिकलसेलच्या लेकराची वही

किनवट तालुक्यातल्या तांड्या-गुड्यांवर मी आशा म्हणून फिरते. सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा जन्मजात आजार, त्याचा रिपोर्ट हातात आला की आई हमखास विचारते, "ताई, आमच्या लेकराला जास्तीचा आहे का कमी?" एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे आजार, एवढंच तो कागद सांगतो. एकाच घरातली दोन एसएस भावंडं मी बघते. थोरला कबड्डी खेळतो, धाकटीचा एकही हिवाळा दवाखान्याशिवाय जात नाही. आजाराचा जोर वर्षभराच्या हिशेबातच कळतो. म्हणून मी प्रत्येक घरात एक वही ठेवायला लावते.

पहिल्या पानावर लेकरू बरं असतानाचं हिमोग्लोबिन लिहा. एसएसची पुष्कळ लेकरं ७-८ वर हसत-खेळत असतात. नेहमीचं ८ असलेल्याचं ६ झालं तर तो धोका आहे. नेहमीचा आकडाच माहीत नसेल तर नव्या डॉक्टरलाही अंदाज बांधता येत नाही.

मग पाणथरी, म्हणजे पोटात डावीकडं बरगडीखाली असणारी प्लीहा. हे मी आयांना हाताला धरून शिकवते. लेकराला उताणं झोपवून गुडघे दुमडायचे. पोटाच्या डाव्या बाजूला, बेंबीच्याही खालून सुरुवात करून बोटं हळूहळू बरगडीकडे न्यायची. जोर द्यायचा नाही. कडक कड लागली तर ती बरगडीपासून किती बोटं खाली आहे ते लिहायचं. बोटं दरवेळी आईचीच असावीत. आज आईनं, उद्या बापानं मोजलं तर हिशेब चुकतो. कापूस वेचणीच्या दिवसांत तीन वर्षांचा एक पोरगा सकाळपासून नुसता पडून होता. घरचे म्हणाले, ऊन लागलं. पापणीच्या आत पांढरं फटक, पाणथरी दोन बोटांवरून पाच बोटांवर. रक्त पाणथरीत अडकलं होतं. त्याच दुपारी रक्त चढलं म्हणून तो वाचला. आठवड्याआधी त्याच्या घरावरून मी हात न लावताच पुढं गेले होते, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

दुखणं लेकरालाच विचारा. मी भाकरीनं विचारते: चतकोर दुखतंय, अर्धी, का अख्खी? पाच वर्षांचं पोरही बरोबर सांगतं. वहीत तारीख, कुठं दुखलं, किती भाकरी, किती दिवस, शाळा किती बुडाली हे लिहा. आधी काय झालं होतं तेही लिहा: पैनगंगेत डुंबलं, थंडीत भिजलं, उन्हात पाणी कमी प्यालं. तान्ह्या लेकराच्या हातापायांचे पंजे सुजले तर तीही कळच समजा. आणि जे रडत नाही त्याला कमी आहे असं धरू नका. काही लेकरं सवयीनं गप्प होतात.

वर्षाअखेर मोजा. अर्ध्या भाकरीच्या वरची कळ तीनदा किंवा जास्त आली, रक्त चढवावं लागलं, छातीत दुखून दम लागून भरती व्हावं लागलं, तर जोर जास्त आहे. वही घेऊन डॉक्टरांकडं जा आणि कळा कमी करणाऱ्या हायड्रॉक्सीयुरिया या औषधाबद्दल विचारा. ती गोळी रोज घ्यायची, मधूनमधून रक्त तपासायचं, आणि कळ थांबली म्हणून मनानं बंद करायची नाही. २ ते १६ वर्षांच्या एसएस लेकराच्या मेंदूच्या रक्तवाहिन्यांची डॉप्लर तपासणी वर्षातून एकदा व्हावी. लकव्याचा धोका बाहेरून दिसत नाही, त्या तपासणीत दिसतो. त्यासाठी नांदेडची खेप पडली तरी करा.

काही गोष्टी मात्र लिहीत बसायच्या नाहीत. १०१ च्या वर ताप, धाप, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोबडी वळणं, अचानक फिकट पडून पोट फुगणं, पोराच्या लघवीच्या जागेला न उतरणारा ताठरपणा, यांतलं एक जरी दिसलं तरी १०८ ला फोन करा. लकवा अर्ध्या तासात आपोआप गेला तरीही निघायचंच. वही लेकराच्या कपड्यांच्या पिशवीतच ठेवा, रात्री शोधाशोध नको.