वेगळ्या ड्राइव्हवर लिनक्स टाकताय? या चुका टाळा

"नवा एसएसडी घेतलाय, लिनक्स त्याच्यावर टाकतो, विंडोजला हातच लावत नाही. मग बिघडणार काय?" मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटर बाजारातून एसएसडीचा डबा घेऊन निघालेला जवळपास प्रत्येक जण असंच म्हणतो. विचार चांगला आहे. एकाच ड्राइव्हची चिरफाड करण्यापेक्षा दोन ड्राइव्ह कधीही बरे. पण हा वेगळेपणा शेवटपर्यंत पाळावा लागतो. कसोटी सोपी आहे: दोनपैकी कोणताही एक ड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला, तरी उरलेल्यावर मशीन चालू झालं पाहिजे. बहुतेकांची जोडणी इथेच नापास होते, आणि ते कळतं फार उशिरा.

बूटलोडर विंडोजच्या ड्राइव्हवर जाऊन बसतो

सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात जास्त वैताग देणारी चूक ही. यूईएफआय मशीनवर (म्हणजे नव्या पद्धतीचं बायोस असलेल्या मशीनवर) ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम, म्हणजे बूटलोडर, ईएफआय पार्टिशन नावाच्या ड्राइव्हच्या छोट्या भागात असतो. हे पार्टिशन फॅट३२ असतं आणि विंडोजने बनवलेलं साधारण १०० एमबीचं निघतं. आता नव्या ड्राइव्हवर लिनक्स टाकताना इन्स्टॉलरला हे पार्टिशन आधीच दुसरीकडे दिसलं, तर तो खुशाल तेच वापरतो. उबुंटू या लिनक्सचा जुना इन्स्टॉलर, म्हणजे २२.०४ पर्यंतचा, यासाठी कुप्रसिद्ध आहे. "बूटलोडर कोणत्या ड्राइव्हवर?" असं तो विचारायचा, तुम्ही दुसरा ड्राइव्ह निवडायचात, आणि यूईएफआय मोडमध्ये तो ते उत्तर बाजूला ठेवून सापडलेल्या पहिल्या ईएफआय पार्टिशनमध्येच ग्रब, म्हणजे लिनक्सचा बूटलोडर, टाकायचा. लिनक्स मिंटने तोच इन्स्टॉलर पुढेही वापरला. म्हणजे खोली वेगळी घेतली, पण किल्ली राहिली शेजाऱ्याकडे.

रोजच्या वापरात यातलं काहीच जाणवत नाही. मेनू येतो, दोन्ही सिस्टिम चालू होतात. डोंबिवलीच्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याचंही असंच मजेत चाललं होतं. घरच्या डेस्कटॉपवर विंडोज एनव्हीएमईवर (मदरबोर्डच्या एम.२ स्लॉटमध्ये बसणारा ड्राइव्ह), उबुंटू साटा एसएसडीवर (केबलने जोडलेला). हॉस्टेलला जाताना त्याने उबुंटूचा एसएसडी काढला आणि तिथल्या लॅपटॉपमध्ये बसवला. लॅपटॉप म्हणाला, बूट करण्यासारखं काही नाही. इकडे घरी वडिलांनी डेस्कटॉप चालू केला, तर काळ्या पडद्यावर फक्त "ग्रब" आणि बाणाचं चिन्ह. ड्राइव्ह हलला एक, बंद पडली दोन मशीन. एसएसडी खराब निघाला असं समजून मुलगा तो बदलून घ्यायला दुकानात गेला. तिथे तो तपासला, एकदम ठणठणीत. मग मित्राच्या सल्ल्याने सरळ फॉरमॅट मारून लिनक्स नव्याने टाकलं, आणि सेमिस्टरचं प्रोजेक्ट त्यात गेलं. मुळात झालं होतं एवढंच, की ग्रब विंडोजच्या ड्राइव्हवर होता आणि त्याची बाकीची फाइल-व्यवस्था उबुंटूच्या ड्राइव्हवर. दोघांची ताटातूट झाल्यावर दोघेही निकामी. दुरुस्ती दहा मिनिटांची होती. फॉरमॅटला मात्र नेहमीच सगळ्यांची घाई.

हे टाळायचा खात्रीचा उपाय स्क्रूड्रायव्हरचा आहे. लिनक्स टाकताना विंडोजचा ड्राइव्ह जोडलेलाच ठेवू नका. साटा असेल तर केबल काढा, एम.२ असेल तर एक स्क्रू काढून ड्राइव्ह बाहेर घ्या. "एवढं कशाला, मी नीट बघून करेन" म्हणणारेच नंतर फोन करतात. लॅपटॉप उघडायचा नसेल तर बायोसमध्ये तो स्लॉट बंद करायची सोय आहे का ते बघा. तीही नसेल तर लाइव्ह यूएसबीवर (पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्सवर) जीपार्टेड हे पार्टिशनचं टूल उघडून विंडोजच्या ईएफआय पार्टिशनचे "बूट" आणि "ईएसपी" हे दोन्ही फ्लॅग काढा, इन्स्टॉल करा, आणि मग ते आठवणीने परत लावा. नव्या ड्राइव्हवर सुरुवातीलाच ५१२ एमबी ते १ जीबीचं स्वतंत्र ईएफआय पार्टिशन करा. जागेची कंजुषी इथे नको.

आधीच टाकून झालं असेल तर टर्मिनलमध्ये "फाइंडएमएनटी" वापरून बूट-ईएफआय फोल्डर कोणत्या ड्राइव्हवरून आलंय ते पाहा. विंडोजच्या ड्राइव्हचं नाव दिसलं तर असं करा: डेटाचा बॅकअप घ्या, लाइव्ह यूएसबीवरून लिनक्सचं पार्टिशन थोडं आकसून ५१२ एमबीचं फॅट३२ पार्टिशन बनवा, त्याला ईएसपी फ्लॅग लावा. आता लिनक्स नेहमीसारखं चालू करा. नव्या पार्टिशनचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) "बीएलकेआयडी"ने काढून एफएसटॅबमधल्या (कोणतं पार्टिशन कुठे जोडायचं ते सांगणाऱ्या फाइलमधल्या) बूट-ईएफआयच्या ओळीत जुन्याच्या जागी घाला. मग जुनं ईएफआय पार्टिशन अनमाउंट करा, नवं माउंट करा, "ग्रब-इन्स्टॉल" आणि "अपडेट-ग्रब" चालवा. फेडोरावाल्यांनी यूईएफआयवर ग्रब-इन्स्टॉलच्या नादी लागू नये, शिम (ग्रबच्या आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम) आणि ग्रब२-ईएफआय ही पॅकेजं पुन्हा बसवावीत.

उबुंटू, डेबियनवर एक पायरी आणखी: ग्रब-इन्स्टॉल "रिमूव्हेबल" पर्याय लावून एकदा परत चालवा. त्याने ईएफआयमधल्या "बूट" फोल्डरमध्ये बूटएक्स६४ नावाची प्रत पडते. मदरबोर्डच्या मेमरीत नोंद नसली तरी फर्मवेअर ही प्रत शोधून चालवतो. ड्राइव्ह काढून परत लावला की बरेच मदरबोर्ड जुनी नोंद पुसून टाकतात, तेव्हा हीच उपयोगी पडते. हे सगळं झाल्यावर विंडोजचा ड्राइव्ह काढून लिनक्स चालू होतंय का ते बघा. त्यानंतरच विंडोजच्या ईएफआयमधलं "उबुंटू" फोल्डर उडवा. शेजारच्या "मायक्रोसॉफ्ट" फोल्डरला बोट लावू नका.

उलट बाजूनेही हाच खेळ होतो. आधी लिनक्स आणि मग विंडोज टाकलं, तर विंडोजचा इन्स्टॉलरही दुसऱ्या ड्राइव्हवरचं ईएफआय पार्टिशन सापडलं की तेच वापरतो. तेव्हा लिनक्सचा ड्राइव्ह काढायचा.

आणि दोन्ही ड्राइव्ह स्वावलंबी झाले की ग्रबच्या मेनूत विंडोज कशाला हवं? बूट मेनूची कळ वापरा: डेल आणि लेनोव्होवर एफ१२, एचपीवर एफ९, असूसच्या मदरबोर्डवर एफ८, एमएसआयवर एफ११, गिगाबाइटवर एफ१२. ज्यांना ग्रबमध्येच विंडोज हवं त्यांनी हे लक्षात घ्यावं, की ग्रब २.०६ पासून ओएस-प्रोबर (दुसऱ्या सिस्टिम शोधून मेनूत घालणारा प्रोग्रॅम) मुळातच बंद असतो. ग्रबच्या डिफॉल्ट फाइलमध्ये "ग्रब डिसेबल ओएस प्रोबर" ही ओळ "फॉल्स" करून अपडेट-ग्रब चालवा. "विंडोज उडालं" अशा बोंबा मारण्याआधी एवढं बघा.

विंडोज "बंद" केलं, पण ते बंद झालंच नाही

फास्ट स्टार्टअप (लवकर चालू होण्याची विंडोजची सोय) चालू असेल तर शट डाउन केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही. कर्नलचा (सिस्टिमच्या गाभ्याचा) भाग हायबरनेट करून डिस्कवर ठेवतं आणि आपलं एनटीएफएस पद्धतीचं पार्टिशन अर्धवट उघडं सोडतं. मग लिनक्समधून डी ड्राइव्हवर फाइल टाकायला गेलात की तो "रीड-ओन्ली" म्हणतो, नाहीतर माउंटच होत नाही. लिनक्स कर्नल ५.१५ पासून आलेला एनटीएफएस३ ड्रायव्हर तर "डर्टी" (नीट बंद न झालेलं) पार्टिशन जबरदस्ती केल्याशिवाय घेत नाही. तो बरोबरच करतो. यावर इंटरनेटवरचा लाडका उपाय म्हणजे एनटीएफएस-फिक्स मारा नाहीतर "फोर्स" लावा. हा शॉर्टकट कृपा करून नको. विंडोजने झोपताना डिस्कचं जे चित्र मनात ठेवलंय, त्याच्या पाठीमागे तुम्ही फाइली बदलता, आणि ते जागं झालं की जुन्या चित्रावर विसंबून लिहायला लागतं. फाइली अशाच खराब होतात.

खरा उपाय विंडोजच्या बाजूला आहे. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, "पॉवरसीएफजी", जागा, "स्लॅश एच", जागा, "ऑफ" असं टाइप करा. हायबरनेशन आणि फास्ट स्टार्टअप दोन्ही जातात, आणि हायबरनेशनची भलीमोठी फाइलही सुटते. एसएसडीवर चालू होण्याच्या वेळेत जो फरक पडतो, त्यात चहाचा एक घोटही होत नाही. मोठ्या अपडेटनंतर ही सेटिंग तशीच आहे ना, ते एकदा बघून घ्यायची सवय ठेवा.

रिकव्हरी की हातात नसताना बायोसमध्ये खुडबुड

नव्या लॅपटॉपवर एन्क्रिप्शन (डेटाला लागणारं कुलूप) तुम्ही न सांगताच चालू असू शकतं. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती कोरी टाकून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप लागतं. नंतर सिक्युअर बूट (फक्त सही असलेले प्रोग्रॅम चालू देणारी बायोसची सोय) बंद केलं किंवा ग्रबमधून विंडोज उघडलं की टीपीएम या सुरक्षा-चिपला बूटचा रस्ता बदललेला दिसतो आणि निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. की नसेल आणि बदल मागे घेऊनही विंडोज उघडलं नाही, तर डेटा गेला. त्यात कोणताही लॅमिंग्टन रोडचा जादूगार काही करू शकत नाही.

म्हणून आधी अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये "मॅनेज-बीडीई", जागा, "डॅश स्टेटस" देऊन स्थिती बघा. एन्क्रिप्शन चालू असेल तर मायक्रोसॉफ्ट अकाउंटवरून की काढून कागदावर लिहा. त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर सेव्ह करणारे महाभाग असतात, म्हणून कागदावर. बायोसमधले बदल करण्यापूर्वी बिटलॉकर (विंडोजचं हेच एन्क्रिप्शन) "सस्पेंड" करा. विंडोज ग्रबऐवजी बूट मेनूतून उघडण्याचा आग्रह याच्यासाठीही आहे.

इन्स्टॉलरला ड्राइव्हच दिसत नाही

बऱ्याचदा साटा किंवा एनव्हीएमईचा मोड इंटेल आरएसटी, म्हणजे रेडवर असतो. व्हिडिओ बघून सरळ एएचसीआय हा साधा मोड लावू नका, विंडोज "इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस" म्हणून आडवं होतं. आधी एमएसकॉन्फिगमधून सेफ बूट लावा, रीस्टार्ट करतानाच बायोसमध्ये शिरून एएचसीआय करा, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये उघडू द्या, मग सेफ बूट काढा. डेस्कटॉपवर आणखी एक शक्यता असते. काही मदरबोर्डवर दुसरा एम.२ स्लॉट भरला की साटाचे एक-दोन पोर्ट बंद होतात. ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, पण मॅन्युअल डब्यासकट माळ्यावर गेलेलं असतं.

बाकीच्या, थोडक्यात

घड्याळ साडेपाच तास मागे-पुढे होतंय? लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ) ठेवतं, विंडोज स्थानिक वेळ ठेवतं, आणि आपला फरक बरोबर ५ तास ३० मिनिटांचा. "टाइमडेटसीटीएल"ने लोकल आरटीसी १ करा, म्हणजे लिनक्सही स्थानिक वेळ ठेवेल, संपलं. जाणकार नाकं मुरडतील, पण आपल्याकडे उन्हाळी वेळेची भानगड नसल्याने इथे हे चालून जातं.

यूएसबी लेगसी (जुन्या बायोसच्या) मोडमध्ये उघडला आणि लिनक्स लेगसीमध्ये बसलं, असंही होतं. बूट मेनूत त्याच पेनड्राइव्हच्या दोन नोंदी असतील तर पुढे "यूईएफआय" लिहिलेली निवडा.

दोन एनव्हीएमई असताना शून्य आणि एक हे क्रमांक बूटगणिक बदलू शकतात. एफएसटॅबमध्ये यूयूआयडीच वापरा, आणि फॉरमॅट करण्याआधी मॉडेल व सिरियल नंबर जुळवा. दोन ड्राइव्ह वेगवेगळ्या क्षमतेचे घेतले तर हा गोंधळ मुळातच होत नाही. केसमधल्या ड्राइव्हवर मार्करने "वि" आणि "लि" लिहिणं बालिश वाटेल, लिहा.

डेटाचा तिसरा ड्राइव्ह एफएसटॅबमध्ये घालताना "नोफेल" लिहा. नाहीतर तो काढल्या दिवशी लिनक्स ९० सेकंद त्याची वाट बघून इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसेल.

ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर "शिम एसबॅट डेटा… सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन" असा मेसेज बऱ्याच मशीनवर आला. जुनं लिनक्स असलेलं मशीन तसं अडकलंच, तर असं करा. सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करा, लिनक्समध्ये "मोकयूटिल"ने एसबॅट पॉलिसी (जुने शिम अडवणारी नोंद) डिलीट करा, रीस्टार्ट करून शिम अपडेट करा, मग सिक्युअर बूट परत चालू.

सिक्युअर बूट चालू असताना एनव्हिडिया ड्रायव्हर टाकल्यावर पुढच्या बूटला जो निळा पडदा काही सेकंद येतो, तो घाबरून एस्केप दाबायचा नसतो. "एनरोल मोक" (ड्रायव्हरच्या सहीची की नोंदवा) निवडून इन्स्टॉल करताना दिलेला पासवर्ड टाकायचा असतो. नाही टाकला तर ड्रायव्हर लोड होत नाही आणि दोष लिनक्सला मिळतो.

चार-पाच वर्षांच्या जुन्या डेस्कटॉपवर "काल चालत होतं, आज नाही" झालं की आधी मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बघा. तो उतरला आणि पावसाळ्यात रात्री वीज गेली की सकाळी बायोस मूळ सेटिंगवर आलेलं असतं: तारीख मागे, एएचसीआयचं परत रेड, बूट क्रम उलटा. सेल बदला आणि सेटिंग्ज परत लावा. त्यासाठी सगळं नीट चालू असतानाच बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.