युवक मंडळात ‘सरकार’ शिकवताय? या चुका टाळा

गोव्यात गावच्या युवक मंडळाने नागरिकशास्त्राचा उपक्रम ठरवला की पहिली धाव यूट्यूबकडे. मराठीत शोधले की मराठीत सापडते, पण जे सापडते ते बहुतेक महाराष्ट्राचे. मग पेडण्यातली, सत्तरीतली मुले चार्ट पेपरवर ‘जिल्हा परिषद, पंचायत समिती, विधान परिषद’ असे सुबक चौकोन काढतात, रंगवतात, बक्षीसही घेतात. गोव्यात या नावाचा एकही चौकोन नाही.

१९९४च्या गोवा पंचायत राज कायद्यात स्तर दोनच आहेत, गावची पंचायत आणि जिल्हा पंचायत. तालुक्याच्या पातळीवर निवडून आलेली संस्थाच नाही. विधानसभा ४० आमदारांची, पर्वरीला. तिच्यावर दुसरे सभागृह नाही. तहसीलदार शोधायला गेलात तर मामलेदार भेटतील. वीज कंपनीच्या नावे निवेदन लिहिलेत तर ते जाणार कुठे? इथे वीज हे सरकारचे खाते आहे.

यावर उपाय फुकटचा आहे. पहिल्या बैठकीला प्रत्येकाने घरातला एक सरकारी कागद आणायचा. विजेचे बिल, घरपट्टीची पावती, मामलेदार कार्यालयातून काढलेला उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, जे हाताला लागेल ते. ते जमिनीवर मांडायचे आणि प्रत्येकावर कोणत्या कार्यालयाचे नाव आणि शिक्का आहे ते मुलांनीच वाचायचे. तासाभरात गावाचा खरा नकाशा तयार होतो, आणि तो कुठल्याही व्हिडिओपेक्षा बरोबर असतो.

सरपंच थेट निवडून देणे

लुटुपुटूची निवडणूक म्हणजे बुटांचा खोका, त्याला चीर, आणि ‘सरपंचपदासाठी’ तीन उमेदवार. मुलांना मजा येते, शिकवले मात्र चुकीचे जाते. महाराष्ट्रात सरपंच थेट लोकांतून निवडून येतो. गोव्यात मतदार आपापल्या प्रभागातला पंच निवडतो आणि पंच आपल्यातून सरपंच निवडतात. पंचायतीच्या निवडणुकीत पक्षाची चिन्हेही नसतात.

हा फरक किरकोळ समजू नका, सगळी गंमत इथेच आहे. गटाचे सात प्रभाग पाडा. प्रत्येक प्रभागातून एक पंच निवडून आणा आणि मग त्या सातांना वीस मिनिटे मोकळे सोडा. कोपऱ्यात कुजबुज सुरू होते. चार एका बाजूला गेले की सरपंच ठरला. आपल्या प्रभागात भरघोस मते घेऊन आलेली मुलगी तीन जणांत अडकून विरोधात बसते आणि जेमतेम दोन मतांनी निवडून आलेला पोरगा सरपंच होतो. ‘हे अन्याय आहे’ असे कोणीतरी म्हणणारच. म्हणू द्या. त्यावर लगेच भाषण ठोकू नका. अर्ध्या तासाने चारांपैकी एकाच्या कानात सांगा, की उपसरपंचपद मिळत असेल तर तू काय करशील? अविश्वास ठराव म्हणजे काय, हे त्यानंतर वेगळे शिकवावे लागत नाही. वर्तमानपत्रात दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या सरपंचावर ठराव का येतो, तेही कळते.

‘राजकारण नको’ म्हणून गणितच टाळणे

ही चूक आपल्याकडे सर्रास होते आणि कारण समजण्यासारखे आहे. गावात कोणाचा बाप एका पक्षाचा, कोणाचा काका दुसऱ्याचा. उद्या मंडळाच्या गणपतीला वर्गणी मागायची आहे. म्हणून मग राष्ट्रपती, लोकसभा, मूलभूत कर्तव्ये असे दूरचे आणि निरुपद्रवी विषय घेतले जातात. माझ्या मते हा भित्रेपणा आहे. नावे बाजूला ठेवून आकडे दिले तर कोणी भांडत नाही.

२०१७च्या गोवा विधानसभेचा निकाल कार्डांवर लिहा: १७, १३, ३, ३, ३, १. पक्षांची नावे लिहू नका. ३च्या एका कार्डावर फक्त ‘अपक्ष’ लिहा, म्हणजे ते तिघे एकत्रच जायला हवेत असे नाही, हे आपोआप लक्षात येईल. सरकार बनवायला २१ हवेत. सहा गट करा आणि बोलणी करू द्या. बहुतेक वेळा १७वाले निवांत बसतात, कारण आपण ‘पहिले आलो’ असे त्यांना वाटते. तेवढ्यात १३वाले फिरून येतात. प्रत्यक्षातही १३ जागांच्या भाजपने मनोहर पर्रीकरांच्या नेतृत्वाखाली सरकार बनवले आणि सभागृहात विश्वासदर्शक ठराव २२ विरुद्ध १६ असा जिंकला. १७ जागा काँग्रेसच्या होत्या. हे शेवटी सांगा, आधी सांगितलेत तर मुले बोलणी न करता आपापल्या घरची बाजू घेऊन बसतील.

त्यानंतर पक्षांतरबंदी घ्या. राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टानुसार विधिमंडळ पक्षातले दोन तृतीयांश सदस्य राजी असतील तर विलीनीकरण मानले जाते. जुलै २०१९मध्ये काँग्रेसच्या १५पैकी १० आमदार भाजपमध्ये गेले, सप्टेंबर २०२२मध्ये ११पैकी ८. मुलांना विचारा, दुसऱ्या वेळी सात जण पुरले असते का? अकराचे दोन तृतीयांश काढले की उत्तर मिळते. आणि हा नियम सरपंच पाडणाऱ्या त्या पंचाला लागतो का? नाही, तो आमदार-खासदारांसाठी आहे.

जनमत कौलाच्या बाबतीत मात्र जरा जपून. १६ जानेवारी १९६७चे मतदान, फूल म्हणजे गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पाने म्हणजे वेगळा संघप्रदेश राहणे, ३४,०२१ मतांचा फरक. उपक्रमाला हे फार छान आहे. पण ‘आज तुम्ही कोणाला मत द्याल?’ असे विचारून फेरमतदान घेतले जाते आणि गाडी रुळावरून घसरते. मराठी घरांतून आजोबा फुलाचे होते असे अभिमानाने सांगणारे आजही आहेत, आणि पोर घरी जाऊन काय सांगेल याचा नेम नाही. प्रश्न प्रक्रियेचा विचारा. या कौलासाठी संसदेला वेगळा कायदा का करावा लागला? भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने मतदानापूर्वी राजीनामा का दिला? यावर भरपूर चर्चा होते आणि कोणाच्या आजोबांना धक्का लागत नाही.

अभिरूप विधानसभेत नुसता आरडाओरडा

सगळ्यांना मुख्यमंत्री व्हायचे असते, उरलेले हौद्यात, म्हणजे सभापतींसमोरच्या मोकळ्या जागेत, धावतात. टीव्हीवर तेवढेच दिसते, पोरांचा काय दोष. भूमिका वाटण्याआधी विधानसभेच्या संकेतस्थळावरची प्रश्नोत्तरे काढा. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतो. अतारांकितला फक्त लेखी उत्तर. आपल्या मतदारसंघाचा एक खरा प्रश्न आणि त्याचे खरे उत्तर दोघादोघांत वाटा, आणि एकच काम द्या: असा पुरवणी प्रश्न काढा की मंत्र्याला ‘माहिती घेऊन सांगतो’ म्हणावे लागेल. आवाज आपोआप खाली येतो. पर्वरीला प्रेक्षक गॅलरीत न्यायचे असेल तर हा सराव आधी झालेला हवा, नाहीतर मुले एसीत झोपतात. आणि अधिवेशन चालू आहे ना, हे बस ठरवण्याआधी बघा.

ग्रामसभेत पोरांना पुढे करणे

मोठ्यांचा रस्त्याचा वाद असतो आणि कोणीतरी नववीतल्या मुलीच्या हातात माइक देते. टाळ्या पडतात, विषय तिथेच राहतो. ग्रामसभेचे सदस्य म्हणजे गावचे मतदार, तेव्हा अठरा पूर्ण नसलेल्यांनी बघ्याच्या भूमिकेत जावे, तेही सरपंच आणि सचिवांना आधी विचारून. त्यांच्या वहीत तीन रकाने पुरेत: विषय कोणता, उत्तर कोणी दिले, ठराव लिहून घेतला का. पुढच्या ग्रामसभेत इतिवृत्त वाचले जाते, तेव्हा ही वही उघडायची. न जुळणारी ओळ सापडली की सचिवांना नम्रपणे विचारायला मोठ्यांपैकी एकाला उभे करा.

निवेदन देऊन फोटो काढणे

‘माननीय संबंधित अधिकारी’ अशा नावाने लिहिलेले निवेदन कोणाचेच नसते. रस्ता पंचायतीचा की सार्वजनिक बांधकाम खात्याचा, हे आधी पंचायतीत विचारा आणि नेमक्या पदनामाने लिहा. दोन प्रती न्या. एक आवक विभागात द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. फोटो काढायचाच असेल तर त्या शिक्क्याचा काढा. महिनाभर काहीच हलले नाही तर गटातल्या अठरा वर्षांवरील कोणीतरी माहिती अधिकाराखाली दहा रुपये भरून अर्ज करावा: अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर काय कार्यवाही झाली, त्या फाइलमधील नोंदींच्या प्रती द्याव्यात. ‘काम का झाले नाही?’ असे विचारू नका. ‘का’ला कागद नसतो, आणि अर्ज तेवढ्यावरच परत येतो. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत आहे. त्यात आले नाही तर माहिती अधिकाऱ्यापेक्षा वरच्या पदावरच्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करता येते, म्हणून शिक्क्याची ती प्रत मंडळाच्या फाइलमध्ये ठेवा, कोणाच्या मोबाइलमध्ये नको.