परिषदा शोधण्याच्या ॲपमध्ये आधी मुदत, मग कार्यक्रम

शैक्षणिक परिषदा आणि चर्चासत्रे शोधून देणारे वेब ॲप्लिकेशन तयार करताना यादीचा क्रम कार्यक्रमाच्या तारखेवर न लावता शोधनिबंधाचा सारांश पाठविण्याच्या अंतिम मुदतीवर लावावा, कारण ही मुदत बहुधा परिषदेच्या कितीतरी आधी उलटून गेलेली असते. त्यासाठी सारांश, नोंदणी आणि प्रत्यक्ष कार्यक्रम यांच्या तारखा डेटाबेसमध्ये स्वतंत्र रकान्यांत हव्यात. मुदतीसोबत टाइमझोनही साठवावा. संगणकशास्त्रातील अनेक परिषदा ‘एनिव्हेअर ऑन अर्थ’, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या (यूटीसी) १२ तास मागची वेळ पाळतात. त्यामुळे ३१ तारखेला रात्री ११:५९ ला संपणारी मुदत सोलापुरात दुसऱ्या दिवशी सायंकाळी ५:२९ पर्यंत चालते.

खरी कसोटी लागते ती शोधात. सोलापुरात राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. तेथील विषयाशी संबंधित विद्यार्थी डाळिंबावरचा ‘तेल्या रोग’ असे टाइप करील, परंतु परिषदेच्या पत्रकात त्याचे इंग्रजी नाव ‘बॅक्टेरियल ब्लाइट’ किंवा नुसतेच ‘प्लांट पॅथॉलॉजी’ (वनस्पतिरोगशास्त्र) लिहिलेले असेल. म्हणून समानार्थी संज्ञांचा तक्ता विषयाच्या प्राध्यापकांकडूनच करून घ्यावा आणि त्याची सुरुवात डाळिंब, हातमाग, यंत्रमाग अशा जिल्ह्यातल्या विषयांपासून करावी.

ऑनलाइन की प्रत्यक्ष आणि शुल्क किती, हे दोन फिल्टर पुरेत. पोस्टरचे चित्र तेवढे चिकटवून मोकळे होण्याचा मोह मात्र आवरावा, कारण त्यातील तारीख शोधात सापडत नाही. प्रत्येक नोंदीखाली आयसीएस (कॅलेंडर ॲपना वाचता येणारी) फाइल दिल्यास मुदत थेट वापरकर्त्याच्या कॅलेंडरमध्ये जाते.