बट्टामबांगला गेलात तर संध्याकाळ राखून ठेवा

कंबोडियाच्या भातपट्ट्यातल्या बट्टामबांगमध्ये सकाळ संग्के नदीकाठी, फ्रेंच काळातली दुकानघरं बघत घालवा. चारच्या सुमारास मात्र टुकटुक करून फ्नोम सांपोव टेकडी गाठा; अंतर साधारण 12 किलोमीटर. भाडं ठरवताना थांबण्याचे नि परतीचे पैसे त्यातच धरायला सांगा, नाहीतर अंधारात घासाघीस होते. आधी वर जा. तिथं देवळं आहेत, आणि ख्मेर रूजनं (1970 च्या दशकातली कंबोडियाची कम्युनिस्ट राजवट) माणसं मारून टाकली ती गुहाही. तिथं फोटोंची घाई नको. मावळतीला खालच्या गुहेतून लाखो वटवाघळं बाहेर पडतात, बराच वेळ ती रांग तुटत नाही. भातावरचे तुडतुडे तीच फस्त करतात. टोपी घालाच, आणि वर बघताना तोंड मिटलेलं ठेवा!