होम थिएटरच्या केबल घेताना या चुका टाळा (समुद्राजवळ घर असेल तर जास्तच)

गणपती जवळ आले की माझा फोन वाजायला लागतो. चाकरमानी मुंबईहून नवीन टीव्ही नाहीतर साउंड सिस्टिम गाडीत घालून आणतात, संध्याकाळच्या आरतीच्या आत सगळं जोडून व्हायला पाहिजे असतं, आणि मग रात्री उशिरा फोन, की दादा एक स्पीकर मुका झालाय, चित्र मधेच काळं पडतंय, सबमधून (सबवूफर, बासचा मोठा स्पीकर) घूंऽऽ येतंय. जाऊन बघावं तर ॲम्प (ॲम्प्लिफायर) ठणठणीत, टीव्ही ठणठणीत, लफडं केबलीत. कुडाळ-मालवण-वेंगुर्ला पट्ट्यात मी हीच कामं करतो, आणि त्याच त्याच चुका बघून आता वैताग आलाय म्हणून लिहून काढतोय. दोन चुकांवर जरा जास्त बोलणार आहे, कारण पैसे त्यातच जातात. बाकीच्या झटपट.

तांब्याचा रंग बघून स्पीकर वायर घेणं

ही माझी सगळ्यात नावडती. दुकानात पारदर्शक वायरचं बंडल लटकलेलं असतं, आत लालसर तारा चमकतायत, भाव विचारला तर निम्म्याहून कमी, घेतली. बऱ्याचदा ती सीसीए निघते, म्हणजे आत ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा पातळ मुलामा. काही पाकिटांवर बारीक अक्षरात सीसीए लिहिलेलं असतं, काहींवर तेवढंही नसतं, नुसतं मोठ्या अक्षरात 'हाय पॉवर'. तेवढ्याच जाडीच्या तांब्यापेक्षा सीसीएचा रेझिस्टन्स (करंटला होणारा अडथळा, तो ओममध्ये मोजतात) दीडपटीहून थोडा जास्त भरतो. घाटावर कोरड्या हवेत कुणी ती जरा जाड घेऊन वापरत असेल तर मी भांडायला जाणार नाही, चालते. आपल्याकडे नाही चालत. तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून, त्यावर खारट दमट हवा, म्हणजे गंज चढायला जे जे लागतं ते सगळं हजर, आणि वायरचं उघडं टोक तर सगळ्यात आधी जातं.

वेंगुर्ल्याला एका काकांकडचा किस्सा सांगतो. रिटायर होऊन गावी चिरेबंदी घर बांधलेलं, गाज ऐकू येईल इतक्या जवळ. ५.१ चा (पाच स्पीकर आणि एक सब) चांगला रिसीव्हर, म्हणजे सगळे स्पीकर चालवणारा ॲम्प, चांगले स्पीकर, आणि वायर कुठली तर मंडपवाल्याच्या ओळखीने आणलेलं स्वस्तातलं बंडल. मी बसवायच्या वेळीच बोललो होतो की काका ही नको, तर म्हणाले, "वायरीत काय आसता रे, करंट गेलो म्हणजे झाला." बरं. पहिला पावसाळा गेला आणि मागचा डावा स्पीकर कधी वाजतो कधी नाही असं सुरू झालं. मग पुढचा एक जायला लागला, आणि शेवटी रिसीव्हर मधेच आपोआप बंद. काकांनी काय करावं, रिसीव्हर उचलून कोल्हापूरला दुरुस्तीला नेला. तिथे तो नीट वाजला, कारण त्याला काही झालंच नव्हतं. घरी आणला, परत तेच. आता नवीन रिसीव्हरच घ्यायचा अशा बेतात होते तेव्हा काकींनी मला फोन केला.

स्पीकरच्या मागचा स्क्रू सैल केला तर आतून पांढरी भुकटी पडली. तारा बोटाने हलवल्या की तुकडे तुकडे. आणि रिसीव्हरच्या बाजूला तुटलेली एक तार लाल टोकावरून शेजारच्या काळ्या टोकाला जाऊन टेकलेली, म्हणजे सरळ शॉर्ट, म्हणून तो बिचारा प्रोटेक्शनमध्ये जाऊन स्वतःला वाचवत होता. अख्खी वायर काढून तांब्याची टाकली, तेव्हापासून सिस्टिम वाजतेय. काका अजून म्हणतात की कोल्हापूरवाल्यानेच काहीतरी बिघडवून ठेवलं होतं.

ओळखायची कशी? मी दुकानातच ब्लेड मागतो. एक तार घ्यायची आणि हलक्या हाताने खरवडायची. वर लाल आणि आत पांढरी निघाली तर सीसीए. वर पांढरी आणि आत लाल निघाली तर ती कथील चढवलेली तांब्याची, इंग्रजीत टिन्ड म्हणतात ती, आणि खाऱ्या हवेत ती साध्या तांब्याहूनही जास्त टिकते, पांढरी दिसली म्हणून परत करू नका. दुसरी खूण वजन. सारख्या मापाची दोन बंडलं दोन हातात धरा, सीसीएचं हलकं लागतं. दुकानदार खरवडू देत नसेल तर दुसरं दुकान बघा, त्यात लाजायचं काही नाही.

आता जाडी. आपल्याकडे वायरमन दीडची, अडीचची म्हणतो ते चौरस मिलिमीटरमध्ये, जुने लोक अजून आतल्या तारांच्या संख्येवरून तेवीस-शहात्तर, चाळीस-शहात्तर म्हणतात, ती मापं वेगळी. स्पीकर १० मीटरवर असेल तर जाऊन येऊन २० मीटर तार होते. तांब्याची अर्ध्या चौरस मिमीची घेतली तर ०.७ ओमच्या आसपास, दीडची घेतली तर ०.२३, अडीचची ०.१४. स्पीकरच्या ओमच्या ५ टक्क्यांच्या आत वायर राहिली की झोप नीट लागते, म्हणजे ८ ओमला ०.४ आणि ४ ओमला ०.२. त्या पातळ वायरीच्या जागी तेवढीच पातळ सीसीए धरली तर आकडा १ ओमच्या वर जातो, आणि ६ ओमचा स्पीकर असेल तर १५ टक्क्यांच्या आसपास ताकद नुसती वायर गरम करण्यात. मी स्वतः ६ मीटरच्या आत ८ ओमचा स्पीकर असेल तर दीडची टाकतो, बाकी सगळीकडे अडीचची, आणि हिशोब संपला. घरच्या वायरिंगची मल्टीस्ट्रँड तांब्याची वायर लाल-काळी दोन कॉइल आणून पीळ देऊन टाकली तरी स्पीकरला काही कळत नाही.

आणि टोकं. तांबं चांगलं असलं तरी खाऱ्या हवेत उघडं टोक आधी काळपट, मग हिरवं पडतं. स्क्रूवाले सोन्याचा मुलामा असलेले बनाना प्लग वापरा, त्या मुलाम्याने आवाज गोड होत नाही पण गंज धरत नाही, आपल्याला तेवढंच हवं. प्रत्येक स्पीकरमागे हातभर वायर जास्तीची गुंडाळून ठेवतो मी. दिवाळीनंतर हवा सुकली की टोक इंचभर कापायचं, चकचकीत तांबं दिसेपर्यंत सोलायचं, परत आवळायचं. हे काम लोकांना कंटाळवाणं वाटतं आणि म्हणूनच मला फोन येतात.

एचडीएमआय भिंतीत गाडून टाकणं

देवगडच्या बाजूला एक बंगला, प्रोजेक्टर छताला आणि बाकी सामान समोरच्या कपाटात, मधे १५ मीटर. पीओपीवाल्याला घाई, रंगारी दारात उभा, मालक मुंबईत, त्यामुळे ऑनलाईन मागवलेली, पाकिटावर '४के' छापलेली केबल पाऊण इंची पाईपातून ओढून, दोन ठिकाणी तर पाईप न घालताच, वरून प्लास्टर मारून मोकळे झाले. सेट टॉप बॉक्स लावला, चित्र आलं, सगळे खूश. गणपतीत मुलगा पुण्याहून गेमिंग कन्सोल घेऊन आला आणि ४के ६० हर्ट्झवर टाकल्या टाकल्या पडद्यावर चांदण्या चमकायला लागल्या, मग दर थोड्या वेळाने दोन सेकंद काळोख. कन्सोल खराब, प्रोजेक्टर खराब, व्होल्टेज खराब, सगळ्यांवर संशय घेऊन झाला.

झालं होतं एवढंच, की सेट टॉप बॉक्सच्या एचडी चित्राला फार कमी डेटा लागतो, तो त्या केबलीतून आरामात जात होता. ४के ६० ला १८ जीबीपीएसची (सेकंदाला किती डेटा जातो त्याचं माप) लाईन लागते आणि १५ मीटर साध्या तांब्यातून ती नीट जात नाही. केबल बदलायची म्हटलं तर पाऊण इंची पाईपातून, कोपऱ्यातल्या एल्बोतून, एचडीएमआयचं डोकं जाईना. शेवटी नव्या रंगवलेल्या भिंतीवरून केसिंग-पट्टी मारून नवी केबल नेली. मालकीणबाई त्या पट्टीकडे बघतात आणि मग माझ्याकडे बघतात, जसं काय मीच प्लास्टर मारलं होतं.

तर भिंत फोडायच्या आधी हे ऐका. केबलवर 'एचडीएमआय २.१' छापलंय याला अर्थ नाही, केबलला व्हर्जन नसतं, वर्ग असतो. प्रीमियम हाय स्पीड म्हणजे १८ जीबीपीएस, अल्ट्रा हाय स्पीड म्हणजे ४८, आणि खऱ्या पाकिटावर स्कॅन करायचं लेबल असतं, फोनने तपासा. तांब्याची केबल ५ मीटरच्या आत ठेवा. त्याच्या पुढे ऑप्टिकल फायबरवाली एचडीएमआय घ्या, तिला दिशा असते, एक टोक सोर्सचं आणि दुसरं टीव्हीचं, उलटी टाकलीत तर काहीच दिसणार नाही आणि भिंतीत घातल्यावर हे कळलं तर रडायला जागा नाही. फायबर कडक वाकवायची पण नाही.

पाईप दोन इंची. एल्बो नको, लांब बेंड घ्या. आत नायलॉनची दोरी सोडून ठेवा. आणि घालायच्या आधी केबल जमिनीवर पसरून, दोन्ही टोकं खऱ्या उपकरणांना लावून, ४के वर एक पूर्ण सिनेमा बघा. पूर्ण, पाच मिनिटं नाही. गवंडी थांबतो एक दिवस, थांबू दे.

ज्यांचं आधीच गाडून झालंय आणि चित्र काळं पडतंय, त्यांनी सेटिंगमध्ये ४के ६० वरून ४के ३० किंवा १०८० वर आणून बघा. तिथे तासभर नीट चाललं तर बहुतेक दोष केबलचाच. आणि एक लक्षात ठेवा, कमजोर एचडीएमआयने रंग फिके पडत नाहीत की चित्र मऊ होत नाही, चांदण्या येतात नाहीतर चित्रच जातं. कुणी म्हणालं की महागड्या केबलीने काळा रंग अजून काळा झाला, तर हसून चहा प्या.

आता बाकीच्या

साउंडबार मिळेल त्या एचडीएमआय पोर्टात खुपसणं. टीव्हीच्या ज्या पोर्टवर एआरसी किंवा ईएआरसी लिहिलंय (टीव्हीचा आवाज साउंडबारकडे परत पाठवणारं पोर्ट) त्यातच घाला, आणि सेटिंगमध्ये सीईसी (उपकरणं एचडीएमआयमधून एकमेकांशी बोलतात ती सोय) चालू करा.

ऑप्टिकल ऑडिओ केबलवर ॲटमॉसची (डोक्यावरूनही आवाज येतो तो डॉल्बीचा प्रकार) वाट बघणं. येणार नाही. त्यातून स्टीरिओ आणि साधं ५.१ जातं, एवढंच.

लाल-काळं उलटं जोडणं. एका स्पीकरला उलटं झालं की बास गायब होतो आणि आवाज कुठून येतोय कळत नाही. भिंतीतून आलेल्या वायरचे रंग ओळखू येत नसतील तर दीड व्होल्टचा पेन्सिल सेल टोकांना क्षणभर टेकवा. स्पीकरचा कोन (पुढचा हलणारा पडदा) बाहेर आला की सेलच्या प्लसकडे आहे ती प्लस वायर. ॲम्पची बाजू काढून ठेवून करा हे, आणि ट्वीटरवर (बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरवर) नको.

स्पीकर वायर लाईटच्या वायरींच्याच पाईपात. घूंऽऽ ला आमंत्रण आहे आणि धोकाही आहे. हातभर अंतर ठेवा, ओलांडायचीच झाली तर काटकोनात.

घूंऽऽ येतंय म्हणून थ्री पिनची जाडी पिन तोडणं. हे मी जिथे बघतो तिथे आवाज चढवतो, सॉरी. ती पिन शॉक लागू नये म्हणून असते. आधी सेट टॉप बॉक्सची डिशवरून येणारी वायर काढून बघा, घूं थांबलं तर ते तिथून येतंय. मग सगळी उपकरणं एकाच बोर्डवरून चालवा. एप्रिल-मे मध्ये सड्यावरच्या (कातळाच्या पठारावरच्या) घरांचं अर्थिंग सुकून निकामी होतं, खड्ड्यात पाणी घाला. आणि वळवाचा पाऊस गडगडायला लागला की नुसता प्लग काढून उपयोग नाही, डिशची वायर पण काढायची, वीज तिकडूनही येते.

डावी-उजवी वायर सारख्या लांबीची पाहिजे म्हणून पाच मीटर वायर कपाटामागे कोंबणं. दोन-चार मीटरच्या फरकाने काही होत नाही.

बाणवाली, ब्रेक-इन करावी लागणारी, फुटाला हजारो रुपयांची स्पीकर केबल. मी विकत नाही, कुणी आणली तर जोडून देतो, मत विचारलं तर सांगतो, मग ते नाराज होतात.

सबवूफरला तीन छोट्या आरसीए (गोल पिनवाल्या ऑडिओ केबल) जोडून लांबी पुरवणं. एकच अखंड टाका. टीव्हीची आरजी६ कोॲक्स (डिशची असते ती गोल वायर) घेऊन टोकांना चांगले आरसीए लावले तरी सब खूश असतो.

माळ्यावरून उघडी वायर नेणं. कौलारू घरात उंदीर आहेत, तुमच्याकडे नाहीत असं म्हणू नका. पाईपातून न्या आणि पाईपची तोंडं बुजवा, कापसाने नाही, तो ते घरट्याला नेतात.

टोकांना नावं न लिहिणं. कागदी स्टिकर जुलैत गळून पडतो, मी पांढऱ्या हीटश्रिंकच्या नळीवर परमनंट मार्करने लिहितो आणि ती दोन्ही टोकांना चढवतो, प्लग लावायच्या आधी, नाहीतर नंतर नळी वरून जात नाही.